बटण कोणाकडे जातो

"मोठमोठी साम्राज्यं तोफांनी नाही, मत्सरानं बुडाली!" पोस्टमास्तर म्हणाले. हा ऐतिहासिक सिद्धान्त मांडताना ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते, मुठीत उकडलेल्या अंड्याचा तुकडा होता आणि समोरच्या कुत्र्याला ते खोटी जांभई देऊन दाखवत होते.

"मान आणखी वळवा, काका," ट्रेनरबाई म्हणाल्या. "थेट डोळ्यांत बघू नका. कुत्र्यांच्या भाषेत तो दम असतो. जांभई म्हणजे, बाबा रे, माझ्याकडून भीती नाही."

पोस्टमास्तरांनी मान वळवली. पण बटण भलतीकडेच बघत होता. बटण हे नाव पोस्टमास्तरांना मुळीच पसंत नव्हतं, पण तो तपकिरी कुत्रा दुसऱ्या कुठल्याच नावाला ओ देत नसे. त्याची नजर रस्त्यापलीकडे, टेलरच्या दुकानावर खिळली होती.

"घरात याला आणखी कुणाचा लळा आहे का?"

"घरात नाही," पोस्टमास्तर कडवटपणे म्हणाले. "एक टेलर आहे. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर."

निवृत्त होईपर्यंत पोस्टमास्तरांचा कुत्र्यांशी संबंध आला तो तक्रारींपुरता. त्यांच्या खात्यातल्या कित्येकांचे पाय कुत्र्यांनी धरले होते, आणि ते काही आदरानं नव्हे. पण निवृत्तीनंतर घर खायला उठलं. मुलगी सासरी, मुलगा परदेशी, बायको दिवसभर वाचनालयात. अशात एके दिवशी जिन्यात बटणनं त्यांचा बूट हुंगला आणि शेपूट हलवली. पोस्टमास्तर पाघळले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तक्रार न घेता त्यांच्याकडे आलं होतं.

सकाळ-संध्याकाळ ते त्याला फिरवू लागले. पण परतताना दुकान दिसलं, की बटण दोरीला असा हिसडा देई की पोस्टमास्तरांचा खांदा निखळायची वेळ येई. तो थेट शिलाई मशिनखाली शिरे आणि टेलरच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून घेई. टेलर खाली बघतसुद्धा नसे. तो आपला काज करण्यात दंग.

हे 'बघतसुद्धा नसे' पोस्टमास्तरांना झोंबे. जांभया आपण द्यायच्या, अंडी आपण सोलायची आणि हनुवटी त्याच्या पायावर!

"अहो, टेलरच्या डोळ्यांदेखत त्याला ओढून नेता," बायको म्हणाली. "जनाची नाही तर मनाची तरी?"

"मी त्याला शिस्त लावतोय."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याशी बोलताना कधी मान तिरकी केली नाहीत."

"तू चावत नाहीस."

"संधी कुठे दिलीत!"

पोस्टमास्तर नेटानं शिकत राहिले. हलणारी प्रत्येक शेपूट खुशीची नसते. ती ताठ, उंच असेल तर आपण चार पावलं लांब राहावं. कुत्रा ओठ चाटतो तो दर वेळी भुकेनं नव्हे, कधी कधी अवघडून. डोक्यावर वरून हात आणायचा नाही, छातीशी खाजवायचं. हाक एकदाच मारायची, आणि उशिरा आला तरी रागवायचं नाही, शाबासकीच द्यायची. ही पद्धत खात्यात असती तर निम्मं टपाल वेळेवर गेलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

एका संध्याकाळी ते मैदानातल्या बाकावर दमून बसले होते. मुठीत अंडं नव्हतं. बटण उठला, जवळ आला आणि त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. थोड्या वेळानं पोस्टमास्तरांचा पाय बधिर झाला. त्यांनी तो हलवला नाही.

पण दुकानासमोर दोरीला हिसडा बसायचा तो बसलाच.

"आता परीक्षाच घेऊ," ट्रेनरबाई म्हणाल्या. "त्या टेलरना बोलवा. दोघं दोन टोकांना उभे राहा. बटण कुणाकडे जातो ते दिसेल."

पोस्टमास्तरांना ही परीक्षा नको होती. तरी ते दुकानात गेले. "जरा मैदानावर येता? बटणचं काम आहे."

टेलर गळ्यात टेप तशीच ठेवून आला. गरीब स्वभावाचा माणूस. सांगितलं तिथे जाऊन उभा राहिला. बाईंनी बटणला मधोमध सोडलं.

"बटण! ए बटण! अरे, ये ना!" टेलर पुढे वाकून, मांडीवर थापा मारत ओरडला. बटण त्याच्याकडे निघाला.

पण पोस्टमास्तर धडा विसरले नाहीत. ते तिरके वळले, उकिडवे बसले. गुडघे असे वाजले की बाईंनीही वळून पाहिलं. त्यांनी हलकेच, एकदाच हाक मारली.

बटण थबकला. कान मागे गेले. सगळं अंग सैल झालं. मग तो वळला आणि धावत येऊन पोस्टमास्तरांच्या कुशीत घुसला.

पोस्टमास्तरांचा चष्मा धुरकटला. तो पुसून त्यांनी पाहिलं, तर टेलरचा हात मांडीवरच राहून गेला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव पोस्टमास्तरांच्या चांगल्या ओळखीचा होता. दाढी करताना आरशात त्यांना तो रोज भेटत असे.

बाईंना टेलरची दया आली. "मनाला लावून घेऊ नका हं. कुत्रा शेवटी आपल्या मालकालाच ओळखतो."

टेलरनं टेप बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"असेल बाई," तो म्हणाला आणि पोस्टमास्तरांकडे वळला. "काका, एक विनंती होती. रागावू नका. उद्यापासून माझा कुत्रा न्यायच्या आधी मला एकदा विचारत जा."