अकरा सेकंद

पडद्यावरचं चक्र अकरा सेकंद फिरत राहिलं. ऋजुताने टिपलेला पक्ष्याचा आवाज ओळख पटवायला दूरच्या सर्व्हरकडे गेला होता, आणि उत्तर येईपर्यंत तिने स्वतः बनवलेलं ॲप गोठलं होतं. तेवढ्यात जास्वंदीवर एक शिंजीर येऊन उडूनही गेला. त्याची नोंद करता आली नाही.

पक्षिमित्र मंडळाचे घैसासकाका वर्षभर विचारत होते, “पक्षिगणनेला तुझं ॲप देतेस का?” ती वर्षभर म्हणत होती, “बघू.”

“उत्तर येईपर्यंत ते असं ताटकळत का बसतं गं?” आईने विचारलं. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. “आमच्याकडे ट्रंक कॉल बुक केला, की लोक रिसीव्हर ठेवून कामाला लागायचे. कॉल लागला, की आम्ही घंटी वाजवायचो. रिसीव्हर कानाला लावून बसले असते, तर घरोघरी भात करपला असता!”

ऋजुता खळखळून हसली. मग दोन दिवस खपून तिने ॲपला तेच शिकवलं: विचारणा पाठव, पुढच्या कामाला लाग, उत्तर आलं की खूण कर.

तिसऱ्या सकाळी गच्चीवरून तिने नवा आवाज पाठवला. चक्र कोपऱ्यात फिरत असतानाच तिने दयाळ, शिंपी आणि चक्क एक हळद्या नोंदवला. मग टिंग वाजलं. उत्तर होतं, तांबट.

“आता काकांना किती ताटकळत ठेवणार आहेस?” आई म्हणाली.

ऋजुताने लगेच फोन लावला.

“काका, रविवारच्या गणनेला माझंच ॲप वापरायचं.”