पुठ्ठ्याचा नळ

दुर्गाने बाटली कलंडवली, हातावर सांडून घेतलं आणि ती अशी किंचाळली की मांडवातला सगळा गाव खूश झाला.

"वन्समोर," मागून कोणीतरी हाक दिली. झाडीपट्टीतली माणसं ही. अर्धा हिवाळा नाटकं बघण्यात घालवणारी. अभिनय कशाशी खातात ते त्यांना कोणी शिकवायला नको.

हे नाटक शाळेचं होतं. विषय, प्रयोगशाळेत घ्यायची काळजी. कलाकार सातवीचे. अर्जुनीहून शिक्षण खात्याचे साहेब प्रयोगशाळा तपासायला आले होते, आणि प्रयोगशाळेपेक्षा नाटक दाखवणं मुख्याध्यापक ईश्वरदास सरांना सोयीचं वाटलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. कपाटात लेबल लावलेल्या बाटल्या, आणि झाडून सगळ्या बाटल्यांत बोअरिंगचं पाणी. निळं द्रावण हवं तिथे थोडी शाई. पोरांनाही हे ठाऊक होतं. म्हणून विज्ञानाच्या उमेंद्र सरांनी सकाळी अ‍ॅसिडची बाटली कपाटातून काढली आणि बिनधास्त दुर्गाच्या हातात दिली. या शाळेत एखादी वस्तू खरी निघेल, असा संशय यायचं काही कारणच नव्हतं.

आता बाटलीच्या तोंडाशी पांढरा धूर दिसत होता. पाण्याला असा धूर येत नाही. उमेंद्र सर रांगेतून उठले आणि मांडवाच्या कडेला नंदाबाई चहा ओतत होती तिथे गेले. नंदाबाई शाळेची शिपाई.

"त्या बाटलीत काय आहे?"

"साहेब येनार म्हून काल संडास धुतले ना," ती म्हणाली. "उरलेलं अ‍ॅसिड वतलं त्याच्यात. बाटलीवर तेच लिवलं होतं, सर."

इतक्या वर्षांत त्या कपाटातलं लेबल कोणी खरं मानलं असेल तर ते तिने.

मंचावर दुर्गा थांबली नव्हती. नाटक तिच्या मामाने बसवलं होतं. टेकचंद मामा नाटक कंपनीत खलनायकाचं काम करायचा, आणि त्याने भाचीकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. काही होवो, पडदा पडल्याशिवाय काम सोडायचं नाही. ती रडत होती. रडायला हरकत नव्हती, भूमिकाच तशी होती.

नाटकातल्या मॅडम, म्हणजे वर्गातली राखी, आईच्या साडीचा पदर सावरत धावत आली. "घाबरू नकोस. अ‍ॅसिड पडल्यास हात ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावा." दोघी नळाशी गेल्या. नळ पुठ्ठ्याचा होता. उमेंद्र सरांनीच तो कापून, चंदेरी कागद चिकटवून केला होता. राखीने चावी फिरवल्यासारखं केलं. दुर्गाने नळाखाली हात धरला आणि सांगितलं होतं तितका वेळ धरून ठेवला.

उमेंद्र सर मंचाकडे निघाले तसं ईश्वरदास सरांनी त्यांचं कोपर पकडलं.

"कुठं चालले?"

"सर, अ‍ॅसिड खरं आहे. पोरीचा हात भाजून राहिला."

"हळू बोला." ईश्वरदास सरांनी एकदा साहेबांकडे पाहून घेतलं. "आता वर चढलात तं साहेब काय विचारतीन? या बाटलीत काय होतं, ते. अन् मंग बाकीच्या बाटल्यांत काय आहे, ते पन विचारतीन. आपली दोघांची नोकरी जाते. पाचच मिनिटं राहिली. बैठो."

उमेंद्र सर बसले. त्यांना पोरं होती, घर होतं, भीती होती, जे काय असेल ते असो. बसले. वर राखी त्यांनीच लिहिलेलं वाक्य खणखणीत म्हणत होती, "अपघात लपवू नये. शिक्षकांना लगेच सांगावे." दुर्गा मंचावरून त्यांच्याचकडे बघत होती. सरांनी मान खाली घातली.

बायकांच्या बाजूला सुभद्राबाईने दुर्गाच्या आईला कोपराने ढोसलं. "भागीरथा, तुयी पोरगी तं हिरोईन निघाली वो. पाह्य कशी रडून राहिली."

"मामावर गेली," भागीरथा म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

पडदा पडायच्या आधीच साहेब मंचावर चढले. ते खरोखर भारावले होते. सुरक्षेचे नियम मुलांच्या अंगी इतके मुरलेले आपण कुठल्याच शाळेत पाहिले नाहीत, असं ते माइकवर म्हणाले. मग खिशातलं स्वतःचं पेन काढून त्यांनी दुर्गासमोर धरलं.

दुर्गाने डावा हात पुढे केला. उजवा तिने स्कर्टच्या घडीत दाबून धरला होता.

साहेब थबकले. मांडवात कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. भागीरथा लाजून अर्धी उठली. पोरीला एवढं वळण लावलं आणि चारचौघांत हे असं.

"दुर्गे," तिने खालून आवाज दिला, "बक्षीस उजव्या हातानं घेत असतेत."

दुर्गाने उजवा हात पुढे केला.