दुसरा नसलेला रंग

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, आणि पाण्यावर तरंगणारे शेकडो रंगीत बोये. प्रत्येकाखाली शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरायचा पिंजरा. ज्याच्या त्याच्या बोयाचे रंग एकमेव. म्हणजे अख्ख्या बंदरात तसे दुसऱ्या कुणाचे नाहीत. पिंजरा कुणाचा, ते त्यावरूनच कळतं.

नऊ वर्षांच्या डेलियाला यंदा पहिल्यांदाच स्वतःचे पाच पिंजरे मिळाले. ती बोये रंगवायला बसली, तेव्हा शेजारच्या वेंडेलकाकांनी पिवळ्या आणि काळ्या रंगाचे डबे तिच्यापुढे सरकवले.

"तुझ्या बाबाचे रंग घे, पोरी. त्याची बोट परत आली नाही, त्याला दोन वर्षं झाली. आता कुणी हरकत घेणार नाही."

"नको. मी जांभळा लावणार."

"जांभळा? अगं, शेवंडंसुद्धा हसतील!"

"हसू देत. पण बाबांचे रंग मी घेतले, तर ते आल्यावर कोणते लावतील?"



डेलियाने पिवळ्या डब्याचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसवलं, आणि मग जांभळा उघडला.