बापाचा शब्द

दौंडजवळच्या माळावर सकाळपासून ग्लायडर उडत होते. त्यातलं एक आभाळात अचानक कलंडलं आणि नाक खाली घालून गरगरत कोसळू लागलं. कुंपणाशी उभ्या मारुतरावांनी तार घट्ट धरली. तेवढ्यात गिरक्या थांबल्या आणि ते सरळ होऊन शांतपणे तरंगू लागलं.

"मुद्दाम करत्यात हे?" त्यांनी ग्लायडरला दोर जोडणाऱ्या इलाहीमामांना विचारलं.

"व्हय, शिकवत्यात. गिरकीत घावलं की माणूस घाबरून ग्लायडर चालवायची दांडी पोटाशी ओढतो. खरं तर ती पुढं ढकलायची असती, जमिनीच्या दिशेनं. वर सवय केल्याबिगर हात ऐकत न्हाईत."

मारुतरावांनी मान वर करून पुन्हा त्या ग्लायडरकडे पाहिलं. मामांची मुलगी तहमीना गेल्या दिवाळीत याच माळावर अशाच गिरकीत कोसळून गेली होती. शेवटपर्यंत तिनं दांडी पोटाशी ओढून धरली होती, असं चौकशीत निघालं होतं. आणि उद्या मारुतरावांच्या मुलीला, अनुजाला हाच धडा होता.

"मामा, शिकवणाऱ्या सरांना एवढं सांगा. अनुजाला बाकी समदं शिकवा म्हणावं, पर ह्या गिरक्या नकोत. त्यांना गळ घालायला तुमच्यासारखा माणूस न्हाई. बापाचा शब्द हाय, सर मोडायचे न्हाईत."

मामा हातातला दोर उगाच पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.

"न्हाई मोडत," ते म्हणाले. "तहमीनाच्या येळंला मीबी हेच सांगितलं हुतं. न्हाई मोडला त्यांनी."