तोंडातला घास

धारच्या शाळेतून “नीरजा मॅडम नहीं रहीं” असा फोन आला, तेव्हा मी देवासच्या कारखान्यात तिनेच भरलेला डबा खात होतो. सकाळीच ती बारावीचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल घ्यायला तिकडे गेली होती. शाळेत मुलांना ती पोळीचा कोरडा तुकडा चावायला लावायची, घरी नवऱ्याला. “अहो, गिळू नका. लाळेतलं एन्झाइम पिठाची साखर करतं. बत्तीस वेळा चावा, गोड लागेल.” “मास्तरीणबाई, जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची!” मी गिळून मोकळा व्हायचो, वर म्हणायचो, “कुठे गोड? तुझं पुस्तक खोटं.” “पुस्तक खरं आहे, तुम्ही हावरट!” त्या दिवशी फोन ठेवला, तरी घास तोंडातच होता. गिळवेना, टाकवेना. नुसता चावत राहिलो. शेजारचा म्हणाला, “भिया, पानी पी लो.” मानेनेच नको म्हटलं. घास गोड लागत होता. तिला सांगायचं राहिलं.