रिकामा फोटो

कारखान्यात एक्स-रेचा फोटो टिपणाऱ्या प्रत्येक नव्या पॅनेलवर, समोर काहीही न ठेवता, तीन रिकामे फोटो काढायचे आणि तिन्ही स्वच्छ करडे आले, की 'पास'चा शिक्का मारायचा, हे तिचं रोजचं काम. अकरा वर्षांत तिच्या नजरेतून मुंगीएवढा डागही सुटला नव्हता. "यंत्र चुकेल, ताई चुकायची नाही," असं पॅनेल जोडणारा फिटर सगळ्यांना सांगायचा.

आज पहिल्याच फोटोत एक हात उमटला. लहान मुलाचा, बोटं पसरलेला.

"आधीच्या फोटोची सावली राहिली असेल," फिटर म्हणाला.

"आत्ता तर तू जोडलंस. कोऱ्या पॅनेलला आधीचं काय आठवणार, कप्पाळ?" ती हसली. तपासणीच्या खोलीचं शिशाचं जड दार उघडून तिने स्वतः आत पाहिलं. पॅनेलवर काहीच नव्हतं. दार लावून तिने दुसरा फोटो काढला.

हात तिथेच होता. करंगळीचं हाड मधोमध वाकडं. ते हाड तिने हजारांत ओळखलं असतं. गेल्या वर्षी लेकीचं बोट कपाटाच्या दारात चेंगरलं, तेव्हा "मी सांगेपर्यंत हात हलवायचा नाही हं," असं बजावून तिनेच तो हात दवाखान्यातल्या पॅनेलवर ठेवला होता.

तिने घरी फोन लावला.

"बसलीय की शहाण्यासारखी," नवरा म्हणाला. "मघापासून टेबलावर हात पसरून ठेवलाय. जेवायला बोलावलं तरी उचलत नाही. थांब, देतो तिला."

फोनवर बारीक, कंटाळलेला आवाज आला.

"आई, आता काढू का हात?"