फक्कीच्या रेघा

गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनसाठी सरकारी साहेबानं गंगाखेड रोडच्या कडेला पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या, तशी शेजारी चहाची टपरी असलेल्या बायनाबाईला वाटलं, आता आपली टपरी उठणार. साहेबाची पाठ वळताच तिनं चुलीचा एक दगड उचलला, रेघांच्या मधोमध मांडला आणि त्याला शेंदूर फासला.

दुसऱ्या दिवशी साहेब आला, तो दगड बघून चपला काढून उभा राहिला.

"गाडी चार्ज होईस्तोवर लोक तुमच्याकडं चहा घेतील, म्हणूनच ही मोकळी जागा धरली होती, मावशी. टपरीला धक्काही लागणार नव्हता."

बायनाबाई घाईनं दगडापाशी आली.

"साहेब, ह्यो माझ्या चुलीचा दगड हाय वो!"

साहेबानं दगडापुढं लोकांनी सकाळपासून फोडलेले नारळ बघितले.

"काल होता. आज त्याला हलवायची कुणाची छाती आहे? आता स्टेशनसाठी टपरी तेवढी हलवता येते."